वारा खालून येऊ द्या

मी भट्टीवर उलटा टांगलेला ड्रम बोलतोय. ऐकायचं तर ऐका, नाहीतर तुमची मर्जी. सगळी उमर धूर पिण्यात गेली, त्यामुळे आवाज घोगरा आहे, आणि गोड बोलायची सवय मुळातच नाही.

जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. एका साच्यातून ढीगभर भावंडं निघाली, सगळ्यांना एकच निळा रंग फासला, पोटात डिझेल भरलं आणि घाट चढवून बुकिटिंग्गीच्या बाजारात आणून उतरवलं. डिझेल संपल्यावर मला बसवाल्यांच्या गॅरेजमागे लोटून दिलं. तिथे मी पावसाचं पाणी साठवत पडलो. बेडकं पोहायची माझ्यात. माणसाला रिकामं भांडं दिसलं की त्यात काहीतरी टाकल्याशिवाय राहवत नाही. केळीची सालं, सिगारेटची थोटकं, एकाने तर तुटकी चप्पल टाकली. एकच. दुसरीचं काय केलं कोण जाणे.

तिथून मला उचललं पामेनान लोहाराने.

पामेनान मरापी डोंगराच्या उतारावरच्या गावचा. त्या गावात घरोघरी भट्टी. सकाळ झाली की कोंबड्यांच्या आधी ऐरणी बोलायला लागतात. पामेनान अंगाने किडकिडीत, बोलायला कमी, हात मात्र जबरदस्त. त्याने मला वाजवून पाहिलं, आत डोकं घालून हुंगलं आणि खांद्यावर टाकलं. बाजारातून चालत निघाल्यावर वाटेत जो भेटेल तो विचारी, की दाजी, आंघोळीची सोय का? तो नुसता हसायचा.

घरी आल्यावर त्याने मला लगेच भट्टीवर चढवलं नाही. आधी भाताच्या खाचराकडेला, उघड्यावर नेलं. झाकण काढलं, पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळून धुतलं, पेंढा आणि करवंट्या भरल्या आणि पेटवून दिलं. निळा रंग भडभडून जळाला. असा घाण काळा धूर निघाला की शेजारीण धुणं उचलून शिव्या देत पळाली. पामेनान वाऱ्याच्या पाठीला लांब जाऊन उभा होता. रंगाचा धूर घरात घ्यायचा नाही एवढं त्याला बापाने शिकवलं होतं. माझ्या डोक्यावर बसवायला पाइप हवा होता तर एक ओळखीचा जस्ती पत्रा फुकट देत होता. पामेनानने तो परत केला. जस्त तापलं की पांढरा धूर सुटतो, आणि तो छातीत गेला की माणूस हिवतापासारखा कुडकुडतो. त्याने साधा काळा पत्रा वळवला, रिबिटा मारल्या. हे सगळं मी मुद्दाम सांगतोय. नंतर त्याच्या हातून जे झालं ते बेपर्वाईने झालं नाही, हे आधी कळलेलं बरं.

मला उभं कापलं, खालचं तोंड पसरट केलं आणि भट्टीवर हातभर उंचीवर टांगलं. पाइप छपरातून बाहेर, कौलांच्या आढ्याच्याही वर. अशी माझी नोकरी सुरू झाली.

पहिली काही वर्षं राजासारखी गेली. तेव्हा भट्टीची जागा म्हणजे घराच्या मागे बांबूच्या कुडाची पडवी होती. कुड नुसता फटींचा. खालून गार हवा आत येई, भट्टीवरून तापून माझ्या तोंडात शिरे, आणि मी ती वर फेकून देई. मला जोर लावावा लागत नसे. मी नुसता घुमत असे. हूं करून एक सूर लागायचा माझा, आणि त्या सुरावर अस्निमार भाता ओढायची.

अस्निमार म्हणजे पामेनानची बायको. आमचा भाता जुन्या पद्धतीचा. दोन उभे बांबू, त्यात कोंबडीची पिसं बांधलेले दट्टे, एक वर एक खाली. भात्याची जागा भट्टीला अगदी चिकटून, माझ्या तोंडाखालीच म्हणा ना. ती तिथे उंच पाटावर बसायची आणि ओढता ओढता नवऱ्याला टोमणे मारायची. तो ठोके मारायचा, ती टोमणे. संसार चांगला चालला होता.

घर अस्निमारचं. तिच्या आईचं, आईच्या आईचं. पामेनान घरजावई. इथे सगळेच बाप्ये घरजावई, म्हणून त्यात कुणी कुणाला हसत नाही. नवऱ्याने बायकोच्या घरी राहावं, राबावं, जेवावं, आणि भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी विचारून ठोकावा. विचारायचं कुणाला, तर बायकोच्या भावाला. अस्निमारचा थोरला भाऊ कुळाचा प्रमुख होता. त्याला सगळे दातुक म्हणत. पोट सुटलेलं, डोक्यावर काळी टोपी, तोंडात लवंगेची सिगारेट. बहिणीवर त्याचा जीव. पण प्रेम दाखवायचं तर हुकूम सोडूनच दाखवायचं, अशी त्याची रीत.

एका वादळात आमच्या पडवीचा कुड उडाला. दातुक आला, पाहिलं, आणि म्हणाला, माझी बहीण असल्या कोंबड्यांच्या खुराड्यात बसणार नाही. विटांच्या गाड्या येऊन पडल्या. पक्की भिंत उभी राहिली, स्वयंपाकघराला लागून. एक दार, दोन खिडक्या, खिडक्यांना लाकडी झडपा. गिलावा इतका गुळगुळीत की दातुक येईल त्याला हात फिरवून बघायला लावी. सगळे म्हणाले, वा. माझं मत कोण विचारतो.

त्याच भिंतींनी माझा गळा दाबला.

लोहाराचं एक काम अंधारात करायचं असतं. कोयत्याला, सुरीला पाणी द्यायचं म्हणजे ते पातं तापवून पाण्यात बुडवायचं. कधी बुडवायचं हे त्याच्या रंगावरून कळतं. पिकल्या मिरचीचा रंग आला तर ठीक, त्याच्या पुढे गेलं तर धार ठिसूळ, अलीकडे राहिलं तर मऊ. उजेडात तो रंग नीट दिसत नाही. म्हणून पामेनान झडपा लावायचा, दार लावायचा. पूर्वी कुडाच्या जागेतही गोणपाटं टांगून अंधार करायचा, पण गोणपाटाखालून हवा यायची. विटेखालून कशी येईल?

मी वर फेकणार काय, जर खालून आलंच नाही तर? एका तोंडाने हवा आत घ्याल तरच दुसऱ्या तोंडाने बाहेर जाईल. दार बंद झालं की माझा सूर बंद पडायचा. कधीकधी तर डोंगरावरचा गार वारा पाइपातून उलटा खाली उतरायचा, आणि मी जे गिळलं ते पुन्हा खोलीत ओकायचो. मला लाज वाटायची.

आणि आमच्या भट्टीत करवंटीचा कोळसा. लाकडाचा धूर सरळ असतो, डोळ्यांत जातो, खोकला आणतो, माणूस आपणहून बाहेर पळतो. कोळसा नीट पेटला की धूर दिसतच नाही. लोक म्हणतात, बघा कशी स्वच्छ भट्टी. अहो, त्यातून जो वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही. तो गुपचूप माणसात जाऊन बसतो.

तो पहिल्यांदा बसला अस्निमारमध्ये. भात्यावर तीच ना सगळ्यात जवळ. पाणी द्यायचं काम निघालं की दुपारपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागे, मळमळ सुटे, पाय गळून जात. ती टोमणे मारायची थांबली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिघडलं आहे.

आता आमच्याकडची गंमत ऐका. आमच्याकडे माणसाला काहीही झालं, डोकं दुखलं, पोट बिघडलं, शिंका आल्या, की निदान एकच. अंगात वारा शिरला. औषधही एकच. पाठीला तेल लावायचं, नाण्याच्या कडेने लाल पट्टे उठेपर्यंत खरवडायचं, आणि दारं-खिडक्या घट्ट लावून घ्यायच्या.

म्हणजे बाई हवेवाचून गुदमरतेय आणि घरचे हवा बंद करतायत. तिची बहीण यार्निस शेजारीच राहायची. ती येऊन पाठ खरवडून द्यायची आणि बजावून जायची की भट्टीच्या खोलीत वाऱ्यात बसू नकोस. पामेनान बिचारा दाराखालच्या फटीत चिंध्या कोंबायचा. बायकोवर माया होती म्हणूनच कोंबायचा. मी वरून बघत होतो आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

पामेनानला एवढं कळलं की मी नीट ओढत नाही. मग त्याने माझा पाइप वाढवला. छपरावर चढून आणखी एक नळकांडं जोडलं, वर पावसाची टोपी बसवली, तारांनी ताणून बांधलं. गल्लीतून जाणारे विचारायचे, दाजी, रेडिओ स्टेशन काढताय काय? त्याच वेळी पाइपात पाखराचं जुनं घरटं सापडलं तेही त्याने काढलं. सुपारीच्या झावळीचा झाडू दोरीला बांधून माझी काजळीही खरवडली. ते बरंच केलं, मला हलकं वाटलं. पण गळा खाली दाबलेला असताना डोकं उंच करून काय होणार?

मर्म पकडलं ते अस्निमारने. यार्निस कधीमधी कॉफीच्या पानांचा काढा घेऊन यायची, सोबत केळ्याची भजी. ती दार ढकलून आत आली की मी हूं करून घुमायला लागायचो, आणि ठिणग्या, ज्या इकडेतिकडे भटकत होत्या, त्या सरळ माझ्या तोंडाकडे वळायच्या. दार लागलं की पुन्हा सगळं मेल्यासारखं. अस्निमार हे बघत होती. तिने यार्निसला मुद्दाम दार उघड-झाक करायला लावलं. यार्निस म्हणाली, अक्का, भजी गार होतायत, हा काय खेळ?

मग अस्निमार नवऱ्याला म्हणाली, "अहो, याला खालून हवा पाहिजे. चुलीसारखंच आहे हे. लाकडं गच्च भरली की चूल पेटते का? इथे भात्यामागे भिंतीत खाली भोक पाडा."

पामेनान ठोका मारायचा थांबला. त्याला पटलं होतं, मी त्याचा चेहरा बघितला. पण तो म्हणाला, "भिंत तुमची. मी कसं पाडू?"

"मी सांगतेय ना."

"दातुकांना विचारायला पाहिजे."

याला काय म्हणावं. ज्याने मरापीच्या उतारावरचे सगळ्यात कडक कोयते बनवले, तो बायकोच्या भिंतीतली एक वीट काढायला धजत नव्हता. घरजावयाने सासरच्या भिंतीवर छिन्नी लावली म्हणजे घर मोडायला निघाला, असं गाव म्हणेल, याची त्याला धास्ती.

दातुकला बोलावलं. तो आला, बसला, भजी खाल्ली, ऐकून घेतलं आणि म्हणाला की विटा मी दिल्या त्या भोकं पाडायला नाही. शिवाय बहिणीला आधीच वारा शिरतोय, त्यात आणखी खालून वारा सोडायचा, हे कोणाचं डोकं? पामेनान मान खाली घालून बसला. अस्निमार उठून आत गेली आणि भांडी अशी आपटली की मीही दचकलो.

मग कुर्बानीचा सण जवळ आला. त्या दिवसांत गावाला श्वास घ्यायला फुरसत नसते, प्रत्येकाला सुरी हवी. एका दुपारी पावसाने झोड उठवली होती. पामेनान पाणी द्यायला बसला. झडपा बंद, दार बंद. दातुक स्वतःची सुरी घेऊन आला होता. आपल्या सुरीला आपल्या डोळ्यांसमोर पाणी दिलं पाहिजे म्हणून तो आत बाकड्यावर बसून राहिला, सिगारेट ओढत.

तो पुष्कळ बोलत होता. गावातल्या प्रत्येकाची सुरी कशी बोथट आहे ते सांगत होता. मग बोलणं तुटक झालं. टोपी काढून त्याने कपाळ दाबलं. म्हणाला, "दाजी, दाराची फट नीट लावा हो. मला वारा शिरतोय वाटतं."

मी तेव्हा किती ओरडलो असतो. पत्र्याला ओरडता येत नाही.

पामेनान उठला फट लावायला, आणि त्याचेही गुडघे वाकले. त्याच वेळी भात्याचा आवाज थांबला. एक दट्टा वर, एक खाली, तसेच राहिले. अस्निमार पाटावरून भिंतीकडे कलंडली होती, त्याच गुळगुळीत भिंतीकडे. तिचे डोळे अर्धे उघडे होते आणि ती हाकेला ओ देत नव्हती.

पामेनानने फट लावली नाही. त्याने दाराला लाथ घातली. पावसासकट हवा आत घुसली आणि मी असा हुंकारलो की वरची टोपी खडखडली. त्याने तिच्या काखेत हात घालून तिला ओढत बाहेर अंगणात नेलं, चिखलात, पावसात. दातुक मागोमाग रांगत बाहेर गेला. रांगत, होय. कुळाचा प्रमुख. उंबऱ्यावर ओकला.

मला आतून फक्त ऐकू येत होतं. पामेनान तिला हाका मारत होता, नाव घेऊन. एरवी तो बायकोचं नाव घेत नसे. पाऊस पडत होता. यार्निस धावत आली. माझ्याखाली निखारे एकटेच विझत होते आणि मी, ज्याचं सगळं आयुष्य वर बघण्यात गेलं, तो फक्त दाराकडे बघत होतो.

मग खोकला ऐकू आला. तिचाच. आणि त्याच्या मागोमाग तिचा आवाज, अगदी बारीक, "अहो, चिखलात का बसवलंय मला? हे कपडे कोण धुणार?"

यार्निसने सवयीने तेलाची बाटली आणि नाणं आणलं. गावच्या दवाखान्यातली बाई आली, तिने ते नाणं बाजूला ठेवलं, तिघांना उघड्या ओसरीवर बसवून ठेवलं, आणि म्हणाली की हा बंद खोलीतला कोळसा आहे, याच्यावर पाठ खरवडून उपयोग नाही. पुन्हा असं झालं तर मला नका बोलावू, कबर खणणाऱ्याला बोलावा. दातुकचं डोकं अजून ठणकत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं म्हणे. यार्निस तसं सांगत होती.

अस्निमार अंथरुणावरून उठती झाली तशी ती बाह्या सारून भट्टीच्या खोलीत आली. भट्टीत सकाळचे निखारे अजून धगधगत होते, म्हणून दार सताड उघडं ठेवलं. नवऱ्याच्या हत्यारांतून छिन्नी आणि हातोडा घेतला आणि भात्यामागे उकिडवी बसली. पामेनान म्हणाला, अगं थांब, दातुक येतायत. ती म्हणाली, येऊ देत.

दातुक पोटाने अख्खं दार अडवून उभा राहिला तेव्हा तिने गिलाव्यावर पहिला घाव घातला होता.

"दादा," ती मागे न बघता म्हणाली, "घर माझं. भिंत माझी. डोकंही माझंच दुखत होतं."

आणि ती ठोकत राहिली. बाई भाता ओढण्यात तरबेज, पण छिन्नी तिच्या हातची नव्हे. घाव वाकडे पडत होते, विटेचे कपचे उडत होते. पामेनान भिंतीशी हात बांधून उभा होता. त्याची बोटं नुसती वळवळत होती. अख्ख्या गावात छिन्नी त्याच्याइतकी चांगली कुणाला चालवता येत नव्हती, आणि तो तिथे पाहुण्यासारखा उभा.

दातुकने सिगारेट पेटवली. एक झुरका घेतला. पहिली वीट सुटली तेव्हा खालून एक गार झुळूक आत आली, आणि सिगारेटचा धूर त्याच्या नाकापुढून वळून सरळ माझ्या तोंडात आला. दातुकने तो वळताना बघितला. पुन्हा झुरका सोडला, पुन्हा तो तसाच वळला. मी हळूच सूर धरला.

दातुक खाली वाकला, ती वीट उचलली आणि दाराबाहेर ठेवली. मग पामेनानकडे बघून खेकसला, "दाजी, नुसतं बघत काय उभे राहता? माझी बहीण दमली."

पामेनानने तिच्या हातातून छिन्नी घेतली. दुपारच्या जेवणाआधी भोक झालं, भात्यामागे खाली, हातभर रुंद. दुसरं समोरच्या भिंतीत. त्याच्या कडा पामेनानने असल्या घासून दिल्या की दातुकला हात फिरवायला पुन्हा जागा मिळाली.

आता मी म्हातारा आहे. कड गंजली आहे, दोन ठिकाणी ठिगळ आहे. पण सूर अजून तसाच. भोकांना जाळी लावली आहे, कोंबड्या आणि उंदीर येऊ नयेत म्हणून. पाणी द्यायच्या वेळी अंधार लागतो, तर भोकांसमोर आणि खिडक्यांसमोर बांबूच्या चटया वीतभर सोडून टांगतात. उजेड अडतो, हवा येते. पाऊस असो, थंडी असो, भोक बुजवायचं नाही असा अस्निमारचा हुकूम आहे. दातुक अजून कुणाला शिंक आली की वारा शिरला म्हणतो, पण आमच्याकडे आला की बाकडं ओढून भोकाशेजारी बसतो. अस्निमार भाता ओढते आणि टोमणे मारते. पामेनानला त्याचं काहीच वाटत नाही, तो ठोके मारतो.

मला आणखी काही नको. सुखात आहे मी. मरापी पडला ज्वालामुखी, अधूनमधून राख उडवतो, तेव्हा टोपीखाली थोडी खरखर होते, तेवढंच.

तुमच्या घरी भट्टी असेल, शेगडी असेल, बंद खोलीत कोळसा पेटत असेल, तर मला काय वाटतं ते सांगून ठेवतो. वर पाइप बसवला म्हणजे झालं, असं समजू नका. भट्टीशी बसलेल्याचं डोकं जड झालं, मळमळलं, तर तेल शोधत बसू नका, आधी त्याला उघड्यावर न्या. आणि मला बघायला, माझं कौतुक करायला तर अजिबात येऊ नका. खाली वाका, भिंतीतलं भोक मोकळं आहे का तेवढं बघा, त्यात कुणी चिंधी कोंबली असेल तर ती काढून टाका, आणि जा आपापल्या कामाला.